राणीचा अंबाडा

सईबाई जाऊन आठ महिने झाले, आणि तिच्या राणीच्या केसांना कसर लागली.

राणी म्हणजे हातभर उंचीची, दोऱ्यांवर नाचणारी लाकडी बाहुली. तांबरमच्या घरात बालाजीराव बाहुल्या कोरायचे आणि त्यांची बायको सईबाई बाहुल्यांना केस लावायची. केस बदकाच्या पिसांचे, काळ्या रंगात बुडवून काढलेले. एकेक पीस दोऱ्याने बांधायचं, वाफेवर धरायचं, बोटांनी वळवायचं. दर शुक्रवारी स्वतःचं न्हाणं झालं की ती बाहुल्यांची पिसं उन्हात झटकायची. ती गेल्यावर बाकीच्या बाहुल्या खेळांना जात राहिल्या. राणी मात्र बालाजीरावांनी पेटीत ठेवून दिली. तिचा अंबाडा सईबाईने घातलेला शेवटचा. त्याला कुणाचा हात लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण पिसांना हात लागला नाही तर ती टिकत नाहीत. चाळीस वर्षं हे डोळ्यांसमोर घडत होतं, तरी ध्यानात आलं नव्हतं.

बाहुल्यांचे खेळ बसवणाऱ्या शेषाद्रीचा बुधवारी फोन आला. "मामा, रविवारी इथल्या किनाऱ्यावरच्या कोवलमच्या शाळेत खेळ आहे. राणीशिवाय गोष्ट होत नाही."

पेटी उघडली तर अंबाड्यातून भुसा गळला. मुलगी हरिणी वाकून बघत होती.

"अय्यो अप्पा! अळ्या आहेत यात!"

बालाजीरावांनी शेषाद्रीला कळवलं. तो म्हणाला, "कापून टाका मामा. नायलॉनचा टोप लावू. लांबून कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," बालाजीराव म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी राणीचं डोकं मानेच्या खुंटीवरून काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. थंडीने अळ्या मरतात, एवढं त्यांना माहीत होतं.

"अप्पा, इडलीच्या मावूवर मुंडकं?"

"मुंडकं नाही, राणी आहे ती."

"मग राणीला सांगा, खाली बघायचं नाही."

बालाजीरावांना हसू आलं नाही. त्यांनी पिठाचं पातेलं उचलून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं.

शनिवारी डोकं बाहेर काढलं. अंबाडा न सोडता धुता येईल का, हे त्यांनी तासभर बघितलं. येत नव्हतं. घाण मुळाशी होती, आणि मुळाशी सईबाईच्या बारीक गाठी होत्या. त्या सुटेनात. कात्री घेऊन ते नुसतेच बसून राहिले.

"मी कापू?" हरिणीने विचारलं.

"नको."

मग त्यांनी गाठी कापायला सुरुवात केली. एकदा हात सुरू झाला तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा उचलला गेला नसता.

निम्मी पिसं वाया गेली होती. उरलेली रिठ्याच्या थंड पाण्यात धुऊन पंख्याखाली पसरली. संध्याकाळी इडलीच्या भांड्याच्या वाफेवर एकेक धरून वळवायला घेतली. लाकूड कोरणारी बोटं ती, जोर जास्त लागे. पहिली दहाबारा पिसं चपटी झाली. वाकून वाकून कंबर भरून आली. पुढची जरा बरी वळली.

अंबाड्याइतकी पिसं उरलीच नव्हती. मध्ये भांग पाडून त्यांनी केस डोक्याला बांधले आणि खांद्यापर्यंतच मोकळे ठेवले. गाठी जाडजूड आल्या.

हरिणीने दोऱ्या धरून राणीला चार पावलं चालवली. "आजारातून उठल्यासारखी दिसते."

"उठलीच आहे," बालाजीराव म्हणाले.

रविवारी शेषाद्री व्हॅन घेऊन आला. त्याने राणीला खालीवर निरखलं आणि तिच्या दोऱ्या हातात घेतल्या. बालाजीराव त्याला समजावू लागले, "तिथे समुद्राचा वारा. पिसं चिकटतील. फणी लावायची नाही. बोटांनी मुळाकडून टोकाकडे सोडवायची. ओढलीस तर तुटतील."

"किती हळू, मामा?"

बालाजीरावांनी करून दाखवलं. शेषाद्रीने करून बघितलं आणि पहिलंच पीस वाकलं.

"तुम्हीच चला ना."

"दमलोय रे."

"व्हॅनमध्ये झोपा."

बालाजीरावांनी वाकलेलं पीस सरळ केलं. मग हरिणीला कुलूप लावायला सांगून, राणीला मांडीवर घेऊन ते पुढच्या सीटवर बसले.