मडगार्डवरचं बोट

बाकीचे लोक सकाळी दुकान उघडतात, आम्ही शटर ओढून बंद करतो. रस्त्यावरचे हॉर्न आत आले की इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही. एखादी गाडी गार असताना सुरू केली की किंचाळते, टकटकते, खडखडते आणि जरा तापली की अंगात काही नसल्यासारखी गप्प होते. म्हणून तसली गाडी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे सोडायची, रात्रभर गार होऊ द्यायची आणि सकाळी एकदाच चावी फिरवायची. कानावर आलं तर आलं, हुकलं तर दुसऱ्या सकाळपर्यंत बसा हात चोळत.

हा सगळा थाट माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, कानासाठी. लांबलांबून लोक येतात. आणि त्या कानाला गेली काही वर्षं जवळपास काहीच ऐकू येत नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. वहिनीला वाटतं, नवरा मुद्दाम दुर्लक्ष करतो. सगळेच नवरे करतात, त्यामुळे तिला कधी शंका आली नाही.

मी मडगार्डवर हात ठेवून उभा राहतो. एक बोट टेकवलं की किंचाळणारा बेल्ट, दोन टेकवली की टकटकणारे टॅपेट, मूठ ठेवली की खडखडणारी टायमिंग चेन. हे कुणी ठरवलं नव्हतं. एकदा मी सहज चाळा केला, दादानं पाहिला आणि बरोबर उत्तर दिलं. त्यानंतर तो रोज माझ्या हाताकडे बघतो, आणि यावर आम्ही दोघं चकार शब्द बोललेलो नाही.

माझी बायको आणि लेक दुसऱ्या शहरात राहतात. बायकोची नोकरी तिकडे आहे. तिथल्या बसडेपोत मला जागा मिळत होती, आणि हो की नाही ते आज दुपारच्या आत कळवायचं होतं, हे दादालाही ठाऊक होतं. सुट्टीला गेलो की लेक दारातच विचारते, "बाबा, परत कधी जाणार?" गॅरेजच्या माळ्यावर माझी खोली आहे. तिचा जिनाही गॅरेजातच उतरतो. सकाळी डोळे उघडल्यापासून जाईन तिथे ऑइलचा वास आणि दादाची नजर. जीव गुदमरायचा. पण मी गेलो की पहिल्याच सकाळी दादा उघडा पडणार होता, आणि तेवढ्यासाठी माझं बूड हलत नव्हतं.

आज सकाळी मात्र मी ठरवलं, हात खिशात ठेवायचे. त्याला कळलं नाही की त्यानंच म्हणावं, "मला ऐकू आलं नाही." एकदा तो म्हणाला की मी मोकळा.

गाडी होती मावशींची शाळेची व्हॅन. मुलं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. पोरांना भरून रोज डोंगरावरच्या शाळेत नेतात. शटर खाली आलं. मावशींनी चावी फिरवली. बॉनेटखालून खडखड उठली, डब्यात खिळे हलवावेत तशी, आणि बघता बघता थांबली. चेन. जुन्या गिऱ्हाइकानंही ओळखली असती.

दादा माझ्या हातांकडे बघत होता. हात खिशात. त्यानं उगाच मान तिरकी केली, ओठ आवळले. मला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तो काढायला मी वाकलो आणि तोल सावरताना डाव्या हाताचं एक बोट मडगार्डला टेकलं.

"बेल्ट," दादा खूश होऊन म्हणाला. "लगेच बदलून देतो. पोरं वेळेवर शाळेत."

"बघा, उगाच घाबरले मी," मावशी म्हणाल्या.

चेन चढावर सुटली तर इंजिन जागेवर बंद. मागे दरी, आत पोरं.

"बेल्ट नाही," मी म्हणालो. "चेन आहे. व्हॅन न्यायची नाही."

"अहो धाकटे, पण दादा म्हणतात..."

"दादाला ऐकू येत नाही."

बोललो खरा, पण मावशींकडे तोंड करून. दादाला शब्द कळले नसतील, मावशींचा चेहरा कळला.

"पुन्हा चालू करून बघूया ना," मावशी पुटपुटल्या.

"आता नाही ऐकू येणार. इंजिन तापलं. उद्या सकाळीच."

म्हणजे पुराव्याच्या नावानं शून्य. दादानं नुसतं 'हा काहीतरीच बोलतोय' म्हटलं असतं, तरी मावशी व्हॅन घेऊन गेल्या असत्या. दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं व्हॅनची चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"हा म्हणतो तेच खरं," तो मावशींना म्हणाला. "यापुढे यालाच विचारा."

मावशींनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग उद्या सकाळी तुम्हीच ऐका हं, धाकटे. शेजारच्या ट्रकवाल्यालाही सांगते, तुमच्याकडेच ये म्हणून."

मोकळं व्हायला तोंड उघडलं होतं मी. आता गॅरेजात एकच कान उरला होता, आणि तो माझा.

फोन पुन्हा थरथरला. बायको होती. "काय ठरलं? डेपोवाल्यांना काय सांगू?"

दादा समोर स्टुलावर बसला होता आणि माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. हल्ली तो असंच ऐकतो. पाठ फिरवली असती तर मी काय म्हणालो ते त्याला कधीच कळलं नसतं. पाठ फिरवायची होती, इतकंच काम होतं.

"नाही जमणार," मी म्हणालो, त्याच्या तोंडासमोर.

दादानं डोळे मिटून घेतले आणि त्याचे खांदे सैल पडले. मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.