रंगवलेली एकच भिंत

केअर्डबाईंनी कुलूप उघडलं आणि स्वतः दाराबाहेरच उभ्या राहिल्या. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. घर दाखवायला आलेलं माणूस आधी आत शिरतं, खिडक्या उघडतं, किती उजेड येतो बघा म्हणतं. ही बाई जिन्यापाशी उभी राहून फोनवर बोट फिरवत होती.

“तुम्ही नाही येत आत?” मी विचारलं.

“तुम्ही बघा निवांत, मिस्टर मॅकफेल. मला एक निरोप पाठवायचाय.”

निरोप कसला डोंबलाचा. आतून कुबट वास येत होता.

मर्डो मॅकफेल संशयी आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. क्लाइड नदीवरच्या जहाजांच्या गोदीत एकतीस वर्षं वेल्डिंग केलं, आणि दुसऱ्याने ‘झालंय’ म्हटलेला एकही सांधा स्वतः ठोकून बघितल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही. पण याच स्वभावापायी जानेवारीत मी एक घर नाकारलं, हेही खरं. तळमजला होता, बस दारात होती आणि खिडक्या कोऱ्या करकरीत होत्या. मी म्हटलं, भाडं तेवढंच ठेवून नव्या खिडक्या उगाच कोण बसवेल, इथे काहीतरी लपवलेलं आहे. केअर्डबाईंच्या संस्थेने, म्हणजे ही भाड्याची घरं वाटणाऱ्या संस्थेने, ते घर दुसऱ्याच दिवशी एका रिटायर्ड बसचालकाला दिलं. तो मला परवा भेटला. खिडक्यांना काहीही झालेलं नाही म्हणाला.

तेव्हा माझी बायको इश्बेल हॉस्पिटलात दोन दिवस माझ्याकडे पाठ करून झोपली होती.

तिला सप्टेंबरात झटका आला आणि उजवी बाजू गेली. आमचं घर पार वरच्या मजल्यावर, अडुसष्ट पायऱ्या. डॉक्टरांनी लिहून दिलं की पायऱ्या आता जमायच्या नाहीत. तळमजल्याचं घर मिळालं तर तिला घरी सोडणार. नाही मिळालं तर महिनाअखेर समुद्राकडच्या एका वृद्धाश्रमात हलवणार. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि तिथून घरी परत आलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. संस्थेचा नियम असा की दोनदा नकार दिला की नाव यादीच्या तळाला. म्हणजे हे घर शेवटचं. बुधवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि हा मंगळवार होता.

आत शिरलो. जमिनीच्या फळ्या उघड्या पडलेल्या. इथे घर सोडून जाणारा गालिचे उचकटून नेतो, तसा नियमच आहे. पण याने खिळे मात्र जागच्या जागी ठेवले होते. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. भिंतींचा कागद निम्मा सोललेला, निम्मा कंटाळून सोडून दिलेला. बाथटबात कुणीतरी रंगाचे डबे विसरलं होतं.

मग मागची खोली. इश्बेलचा पलंग तिथेच लागणार, कारण दुसऱ्या निजायच्या खोलीच्या दारातून चाकाची खुर्ची जाणारच नव्हती. त्या खोलीतली एकच भिंत पांढरीशुभ्र रंगवलेली. अख्ख्या घराला दहा वर्षांत ब्रश लागलेला नाही आणि ही एकटी न्हाऊनमाखून उभी. मी तळहात टेकवला. गार. नखाने कोपरा खरवडला, तर पांढऱ्याखाली काळं निघालं.

“केअर्डबाई, ही भिंत कुणी रंगवली?”

“कुठली भिंत?” म्हणत त्या पहिल्यांदाच आत आल्या. बघितली, नाक मुरडलं, मग फोनमध्ये काहीतरी शोधलं. “आमच्याकडे रंगकामाची नोंद नाही.”

“मग काय भुतं येऊन रंगवून गेली?”

“मिस्टर मॅकफेल, घर आठ महिने रिकामं आहे. तिघांनी नाकारलंय. मी तुमच्यापासून काही लपवत नाहीये.”

“तिघांनी का नाकारलं?”

“ओल. ती दुरुस्त होईल.”

“कधी?”

“तुम्ही राहायला आलात की तुम्ही तक्रार नोंदवायची.” हे त्यांनी सरळ चेहऱ्याने सांगितलं.

बाहेर पडताना मी जिना नीट बघितला आणि आणखीच बिथरलो. घर असं, आणि जिना मात्र लख्ख. फरशीवर जेवायला बसावं इतका. शिवाय त्या रिकाम्या घराच्या दाराच्या मुठीला दोरीने पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली: ‘या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.’ अशी पाटी माझ्या आईच्या काळापासून मी ओळखतो. ज्याची पाळी झाली त्याने जिना धुवायचा आणि पाटी पुढच्या दाराला लावायची. आई पाटी लागलेली दिसली की हातातलं काम टाकून बादली भरायची, शेजारणीने नावं ठेवू नयेत म्हणून. पण जिथे कुणी राहतच नाही त्या दाराला पाटी? आणि तरी जिना धुतलेला?

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. जुन्या इमारतीत वाढलेला म्हातारा येणार, त्याला धुतलेला जिना आणि पाळीची पाटी दाखवली की तो विरघळणार. केवढा हा बनाव. केअर्डबाईंना मी उद्या कळवतो, एवढंच म्हणालो.

बुधवारी सकाळी साडेसातला, कुणालाही न सांगता, मी पुन्हा तिथे गेलो.

एक म्हातारी गुडघे टेकून त्याच दारासमोरची फरशी घासत होती. चण एवढीशी, हात मात्र धोब्याचे.

“पाय पुसा,” ती वर न बघता म्हणाली.

“संस्था किती देते?”

“कशाचे?”

“याचे. घर बघायला कोणी येणार असलं की जिना चकचकीत ठेवायचे.”

आता तिने वर बघितलं. “संस्था? तीन आठवडे झाले, वरच्या जिन्यातला दिवा बदलून मागतेय मी. कोण तुम्ही?”

“मॅकफेल. काल घर बघायला आलो होतो.”

“मी नेट्टा गिल्हूली. याच्या बरोबर वर राहते.” ब्रश बादलीत टाकून ती गुडघ्यांवरच ताठ बसली. “ही पाटी या दाराला आली की अडकून पडते. पहिल्या महिन्यात तशीच लटकत राहिली, तर वरच्या सगळ्यांनी हात वर केले. पाटी पुढे आली नाही म्हणे, आम्ही का धुवायचं. म्हणून या दाराची पाळी मीच उरकते आणि पाटी पुढे लावते. झालं समाधान?”

माझं अख्खं प्रकरण तिच्या बादलीत बुडालं. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण वेल्डरचा हात एका सांध्यावर थांबत नाही.

“मग मागची भिंतही तुम्हीच रंगवलीत.”

“कुठली भिंत?”

“काल केअर्डबाईंनीही असंच विचारलं. पण त्या लगेच आत बघायला आल्या. तुम्ही दाराकडे मानसुद्धा वळवली नाहीत.”

गिल्हूलीबाई कठड्याला धरून उठली. “जिन्यात नको. वर चला.”

वर तिने चहा ठेवला आणि एक वेफर बिस्कीट माझ्यापुढे सरकवलं. मी हात लावला नाही. लाच ती लाच.

“आधीचा भाडेकरू एक जादा किल्ली माझ्याकडे ठेवून गेला,” ती म्हणाली. “संस्थेला माहीत नाही. तिघं आले, तिघांनी ती काळी भिंत बघितली आणि आल्या पावली परत गेले. चौथाही गेला असता. म्हणून रंगवली.”

“म्हणून माझ्या आजारी बायकोला ओल्या भिंतीशी निजवणार होतात.” माझा आवाज चढला. “झटका आलाय तिला. सात महिने हॉस्पिटलात आहे ती. कळतंय का तुम्हाला, काय करत होतात ते?”

“मला काय माहीत तुमची बायको आजारी आहे?”

“विचारलंत?”

“तुम्ही विचारलंत मला काही? आल्या आल्या संस्था किती देते म्हणालात.”

मी बिस्कीट परत तिच्याकडे सरकवलं.

मग तिने सांगितलं. तिच्या न्हाणीघराची नळी त्याच भिंतीतून खाली जाते, आणि ती आतून गळते. प्लंबर दोनदा येऊन गेला. भिंत खालच्या घरातून फोडावी लागेल म्हणाला. पण खालचं घर रिकामं, आणि रिकाम्या घरांचा विभाग वेगळा; त्यांनी कळवलं की तिथे कुणी राहत नाही, म्हणजे कुणाला त्रास नाही. तक्रार बंद. भाडेकरू आला आणि त्याने बोंब मारली, तरच भिंत उघडणार.

“ही कहाणी आधीपासून रचलेली की आता सुचली?” मी विचारलं.

तिने खणातून संस्थेची दोन पत्रं काढून समोर ठेवली. मी दोन्ही बाजूंनी वाचली. तारखा बरोबर होत्या, शिक्काही बरोबर होता.

“एवढी कसली घाई होती तुम्हाला भाडेकरूची?”

“चौथा नाही म्हणाला की खिडक्यांना लोखंडी पत्रे ठोकतात. एका घराला पत्रे लागले की शेजारी निघून जातो. मग सगळ्यांना हलवायचं आणि इमारत पाडायची. समोरची तशीच गेली. मी इथे एकोणपन्नास वर्षं आहे हो. या वयात मला कुठे ठेवणार ते?”

हे रडगाणंही ठरवून असेल, असं माझ्या मनात आलंच. म्हटलं, न्हाणीघर दाखवा. तिने निमूटपणे दाखवलं. टबात वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यावर कुंड्या. नळाच्या तोंडाला फडका घट्ट बांधलेला. तीन महिने तिने त्यात पाणी सोडलं नव्हतं, खाली रंग धरावा म्हणून. अंगावर पाणी घ्यायची ती स्वयंपाकघरात, मोरीपाशी उभी राहून, तपेल्याने.

खाली आलो तो डोकं भणभणत होतं. तिचं खोटं मी पकडलं होतं, आणि एरवी पकडल्यावर मला जे बरं वाटतं ते अजिबात वाटत नव्हतं. भिंत ओली होती हे खरं. दुरुस्त होईल हा फक्त शब्द होता, एका बाईचा जी बाहेरच उभी राहिली, आणि दुसरीचा जिने मला फसवलं. बरं, नाही म्हणावं तर महिनाअखेर समुद्राकडचा वृद्धाश्रम. बसचे चार थांबे मी चालतच गेलो. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि माझं काहीच ठरलेलं नव्हतं.

इश्बेल खिडकीशी खुर्चीत बसली होती. झटक्यापासून तिचे शब्द एकमेकांवर पडतात. नर्सना कळत नाहीत, डॉक्टर मान डोलावतात आणि निघून जातात. मला कळतात, एक्केचाळीस वर्षांची सवय.

“मिळालं?” तिने विचारलं.

तिला वरवरचं काही सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि सगळंच सांगून बसलो. काळी भिंत, पांढरा रंग, पाटी, पत्रं, टबातल्या कुंड्या. कसं पकडलं तेही सांगितलं, जरा रंगवूनच. तिला त्यात काही गंमत वाटली नाही.

“तीन महिने?” ती म्हणाली. “तपेल्याने?”

“हो. पण इश्बेल, भिंत खरंच ओली आहे. कधी दुरुस्त होईल काय सांगावं. तुझी छाती आधीच नाजूक, उद्या काही झालं तर मी स्वतःला…”

“मर्डो.” तिने डावा हात वर केला. “सात महिने मला रोज नव्या पोरी अंघोळ घालतायत. चादर ओढून घेते तर म्हणतात, लाजायचं काय त्यात. मला माझ्या घरात अंघोळ करायचीय. भिंत ओली तर ओली.”

या सात महिन्यांत मी खिडक्या तपासल्या, सांधे तपासले, लोकांची थोबाडं तपासली. तुला काय हवंय, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

“फोन लाव,” ती म्हणाली.

बाराला वीस मिनिटं होती. केअर्डबाईंनी लगेच उचलला. मी काही बोलायच्या आत इश्बेलने माझं मनगट ओढून फोन स्वतःच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, “घेते मी.”

“कोण बोलतंय?” केअर्डबाई म्हणाल्या. “मला नीट कळलं नाही.”

“घेते मी. घर.”

“माफ करा, पुन्हा सांगाल का? मला स्पष्ट उत्तर नोंदवावं लागतं.”

इश्बेलने तिसऱ्यांदा सांगितलं. घाम आला होता तिला. पलीकडून पुन्हा तेच ‘माफ करा’. मग तिने फोन माझ्याकडे वळवला आणि माझ्याकडे बघत राहिली. ती काय बोलली ते त्या अख्ख्या वॉर्डात मला एकट्याला कळलं होतं. मी काहीही सांगितलं असतं तरी केअर्डबाईंनी तेच लिहिलं असतं.

“ती घर घेते म्हणतेय,” मी म्हणालो.

“नक्की?” केअर्डबाई म्हणाल्या. “राग मानू नका, मिस्टर मॅकफेल. पण जानेवारीत ‘आम्हाला नको’ असं तुम्हीच कळवलं होतं, म्हणून विचारते. हे उत्तर त्यांचं आहे की तुमचं?”

राग आला मला. जन्मात पहिल्यांदाच कुणी माझ्या शब्दावर असा संशय घेत होतं, आणि तो घ्यायला केअर्डबाईंना कारण होतं.

“तिचं आहे,” मी म्हणालो. “माझं विचाराल तर माझं अजून ठरलेलं नाही. पण राहायचंय तिला. तिचं लिहून घ्या.”

“लिहिलं,” पलीकडून उत्तर आलं. इश्बेलने डाव्या हाताने फोन माझ्याकडून काढून घेतला, बटण शोधायला तिला जरा वेळ लागला, आणि तिने तो बंद केला.