मोठ्या रस्त्यावरचा तांबडा बैल

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष, आणि पावसानं पाठ फिरवल्याचं दुसरं. जिल्ह्याचं ठिकाण झालं म्हणून मोठ्या रस्त्यावर पाटी लागली होती: रात्री दहा ते सकाळी सहा कोणतीही गाडी उभी करू नये.

त्या रात्री विठ्ठलमंदिरात सिद्धेश्वरबुवांचं कीर्तन भरात होतं, आणि बाहेर पिराजीच्या गाडीचा तांबडा बैल रस्त्यावरच बसला होता. पिराजी रेणापूरहून जनावरांच्या छावणीला कडबा घेऊन आलेला. गाडीभर कडबा, त्यातली एकही पेंढी त्याच्या बैलांची नव्हती.

नगरपालिकेचा शिपाई देविदास आला. दिवसभर टँकरवरची भांडणं सोडवून त्याचा घसा बसला होता.

“गाडी हलीव पिराजी. मैदानात ने.”

“मामा, बैल उठंना. उपाशी हाय. मारून उठवला अन् वाटंत पडला, तर पुन्हा उठायचा न्हाई.”

“सकाळी सायबाची जीप फिरती. गाडी दिसली की माझी नोकरी गेली.”

“मग मला जुंपा.”

देविदास मंदिराच्या दारात जाऊन उभा राहिला. पाटी लागल्यापासून त्यानं एकही कीर्तन शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. बुवांनी टाळ थांबवले.

“काय रं देविदास?”

“बुवा, गाडी वढायची हाय. माणसं पायजेत.”

बुवांनी उपरणं कमरेला बांधलं. “चला रे. इठोबा उभाच हाय, त्याला कुणी हल म्हणत न्हाई.”

कीर्तनातल्या आम्ही दहा-बारा जणांनी तांबड्याला सोडवून त्याच्या जागी, दुसऱ्या बैलाच्या जोडीनं, जू खांद्यावर घेतलं. गटारीपाशी गाडी आदळली, चार पेंढ्या खाली पडल्या. पिराजी वाकला.

“ऱ्हाऊ दे,” देविदास म्हणाला.

“दुसऱ्याचा माल हाय, मामा.”

“रस्त्यावरचा कचरा नगरपालिकेचा. कुणी उचलायचा, ते मी सांगणार.” त्यानं पेंढ्या ओढत नेल्या आणि तांबड्याच्या तोंडापुढं टाकल्या.

बैलानं बराच वेळ नुसता वास घेतला. मग एक धाट ओढलं.

गाडी मैदानात लावून आम्ही परतलो, तेव्हा देविदास बैलाशेजारी दगडावर बसला होता. “सहाच्या आत उठ बाबा,” तो त्याला म्हणत होता, “न्हाईतर तुझी बी पाटी लावतेत.”

पहाटे पोटाखाली वासा घालून आम्ही त्याला उचललं. पाय थरथरले, पण तो उभा राहिला. पिराजीनं कासरा धरला नाही. मानेवर हात ठेवून, पावलापावलानं त्याला मैदानाकडं घेऊन गेला.