पाळण्याचं चौथं टोक

कमळाकर कर्जत स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर कामाला होता, पण भिसेगावात त्याची ओळख होती ती घरामागच्या पडवीतल्या हत्यारांमुळं. कानशी, हातड्रिल, पंच आणि ऐरण म्हणून मिळवलेला रुळाचा तुकडा, सगळं जागच्या जागी. लेक मैना बाळंतपणाला आली आणि त्यानं जाहीर करून टाकलं, "नातवंडाचा पाळना मी करनार. लोखंडी. पिढ्यानपिढ्या टिकंल."

दोन पाय उभे राहिले, वर आडव्या पट्ट्या आल्या. तीन टोकांचे स्क्रू सुतासारखे आत गेले. चौथ्याचा जाईना. पट्टीचं भोक पायाच्या भोकापासून अर्धं सरकलं होतं.

"टेप कुणाची घेतलीवती?" त्याच्या बायकोनं, चंद्रभागेनं दारातून विचारलं.

"तुझीच. शिवनाची."

"मंग टेपेची चूक आसंल," ती गंभीरपणे म्हणाली आणि आत गेली. आतून मायलेकींचं हसू ऐकू आलं.

कमळाकरनं गोल कानस घेतली आणि पट्टीचं भोक घासून लांबट केलं. स्क्रू गेला. पण पाळणा जरा हलवला की स्क्रू त्या लांबट भोकात सरके आणि सगळा सांगाडा एका अंगाला कलंडे.

"बाळाच्या आदी पाळनाच डुलक्या घेतोय," चंद्रभागा म्हणाली.

मग त्यानं शेजारी नवीन भोक पाडायचं ठरवलं. पंच ठोकून खूण केली, ड्रिल धरलं, मूठ फिरवली. ड्रिलचं बिट दोन फेरे नीट फिरलं आणि घसरून जुन्या भोकात जाऊन बसलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टी घेऊन दहिवलीला अलीच्या सायकल दुकानात गेला. अलीनं पट्टी उजेडात धरून एका डोळ्यानं आरपार बघितलं.

"कमळाकरभाऊ, हे भोक हाय का खिडकी?"

"हसून घे. उपाय सांग."

"आदी हे बुजवा. पोकळीकडं बिट पळनारच. तिथं लोखंड भरा, मंग कुटं पळंल?"

अलीनं नरम लोखंडाचा जाड रिबीट, ठोकून बसवायचा बिनआट्यांचा खिळा, दिला. घरी येऊन कमळाकरनं लांबट भोक मोठ्या बिटानं गोल केलं, दोन्ही कडा जरा खोलगट केल्या, रिबीट घातला आणि रुळावर ठेवून दोन्हीकडून ठोकला. लोखंड पसरलं, कडांत घट्ट बसलं. वर आलेलं कानशीनं घासून सपाट केलं. बोट फिरवलं तर लागेना. आता टेप काढून तो माप घेऊ लागला.

"अवो, थांबा," चंद्रभागा पुढं आली. "दोन बाह्या मी येगळ्या मापानं कापते का? एकीवर एक ठेवून कापते. पट्टी पायावर बसवा नि पायाच्या भोकातनंच निशानी करा."

त्यानं टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "धर मंग."

तिनं पट्टी पायाला दाबून धरली. त्यानं पलीकडून, पायाच्या भोकातून, खूण केली. मग पट्टी फळीवर ठेवून तिनं वर पाय रोवला आणि त्यानं ड्रिल फिरवलं. आधी बारीक, मग जाड. बिट जागचं हललं नाही. स्क्रू बोटांनीच आत गेला. चंद्रभागेनं पाळण्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. पाळणा ढिम्म.

"झ्याक," ती एवढंच म्हणाली. तो कान लाल होईपर्यंत खूश झाला.

मैनाला मुलगी झाली. नामकरणाला वस्ती जमली. बुद्धवंदना झाली, नात पाळण्यात निजली. येईल तो बाळाकडं वळे, तर कमळाकर त्याला हाताला धरून पाळण्याच्या चौथ्या टोकाशी नेई.

"बघा बरं, दिसतंय का काय?"

"काय दिसायचंय?"

"हितं भोक चुकलंवतं माजं. बुजवलंय. वळखू येतंय का?"

कुणालाही ओळखू आलं नसतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या भिसेगावाला ते भोक नेमकं कुठं चुकलं होतं हे पाठ झालं, आणि नातीचं नाव मात्र निम्म्यांनी जाताना पुन्हा विचारून घेतलं.