गाडी सुटण्याआधी

केसरीनाथशेठ गेल्यापासून त्यांचा मोबाइल एकदाही बंद पडला नव्हता. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावून ठेवत, आणि वाजला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत. अंजूरच्या त्यांच्या गोडाऊनमधून कुठलीही गाडी बाहेर पडायची तर आधी या मोबाइलवर ओटीपी यायचा. पार्वतीबाई चष्मा लावून एकेक आकडा गेटवरच्या वॉचमनला फोनवरून सांगत. मगच गेटचा दांडा वर होई.

"अजून त्यांना इचारल्याबिगर गाडी न्हाय सुटत," असं त्या आल्यागेल्याला सांगत.

त्यांची मुलगी उन्नती हे ऐकून त्यांचा चष्मा पुसून ठेवी. गोडाऊनचा कारभार आता तिच्या अंगावर होता, आणि महिनाभर चाचणीवर चाललेलं हे ओटीपीचं सॉफ्टवेअर ताब्यात घेतल्याची सही आज तिला करायची होती. टेमघरचा सुश्रुत, ज्यानं ते बनवलं होतं, कागद घेऊन ऑफिसात येऊन बसला होता.

गेल्या वर्षी याच टेबलावर त्यानं बाबांना पायऱ्या काढून दाखवल्या होत्या. आधी काय हवं ते सगळं लिहून घ्यायचं, मग आराखडा, मग बांधणी, मग तपासणी, मग ताबा.

"ह्याला वॉटरफॉल म्हणतात, काका. एक पायरी झाली की तिच्यावर सही. पाणी परत वर चढत नाही."

"आमच्या खाडीचं चढतं रे! रोज चढतं!" बाबा हसले होते. पण पद्धत त्यांना पटली. आयुष्यभर गोडाऊनं बांधलेला माणूस. पाया भरल्यावर खांब सरकवता येत नाहीत हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. थोडं थोडं करून दाखवू का, असं सुश्रुतनं विचारलं, तर म्हणाले, "अर्धंकच्चं ताटात वाढू नको. पुरं शिजव, मग बोलव."

मग त्यानं विचारलं, गाडी कधी सुटते?

"मी बघितल्याबिगर गाडी सुटायची न्हाय."

सुश्रुतनं लिहून घेतलं : मालकाची मंजुरी, ओटीपीने. लिहिता लिहिता मान वर करून म्हणाला, "आणि काका, तुम्ही नसलात तर?"

"मी कुठं जातो? हाय ना इथंच!"

सगळे हसले. उन्नतीसुद्धा. सही झाली. बांधणी अर्ध्यावर असताना, वैशाखात, बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. सॉफ्टवेअर मात्र लिहिलं होतं तसंच तयार होऊन आलं. त्यात तसूभर फरक नव्हता.

"ताई, काकांच्या नंबराच्या जागी तुमचा टाकू?" सुश्रुतनं हळूच विचारलं. "तेवढं सहीआधी करून देतो. ओटीपीची पायरीच काढायची म्हटलं तर मात्र परत पहिल्यापासून."

उन्नतीनं खिडकीतून आवारापलीकडच्या घराकडे पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. "आहे तसंच राहू दे." तिनं पेन उघडलं.

तेवढ्यात फोन आला. मघाशी बाहेर पडलेल्या कंटेनरचा ड्रायव्हर कशेळीहून बोलत होता.

"मॅडम, पीछे से कोई ठोक रहा है. सील तोड दूँ क्या?"

"तोडो! अभी के अभी तोडो!"

आत रघू निघाला. डबल शिफ्ट करून खोक्यांमागे आडवा झालेला हमाल. दार कधी लागलं त्याला कळलंच नाही. कशेळीला गाड्या तुंबल्या म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि तेव्हा कुठे ठोकणं ऐकू आलं.

कुणाच्या तरी बाइकवर बसून रघू परत आला. सदरा अंगाला चिकटला होता.

"काय रे, फुकटात फिरून आलास?" मुकादम अनंता म्हणाला.

"ट्रॅफिक नसतं तर थेट पुण्याला उतरलो असतो."

"उतरला असतास, का उतरवला असता तुला?"

रघूनं पेल्यातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

आणि उन्नतीला बाबा दिसले. दर गाडीपाशी जाऊन, एक पाय तिच्या मागच्या फळीवर टेकून ते आत वाकायचे, पत्र्यावर थाप मारून हाक द्यायचे, "आत कुनी हाय का?" उत्तर येत नाही याची खात्री होईपर्यंत श्वास धरून उभे राहायचे, मग दार लावू द्यायचे. बघितल्याबिगर म्हणजे हे. त्यांनी ते सांगितलं नाही, कारण घास घेताना तोंड उघडतो हे कोण सांगतं? आणि सांगितलं नाही ते लिहिलं गेलं नाही.

सुश्रुतचा चेहरा उतरला होता. "ताई, सिस्टिम तर बरोबरच चालली... म्हणजे, लिहिलं होतं तशी."

"हो. लिहिलं होतं तशीच." तिनं पेनाला टोपण लावलं. "मी सही करत नाही. ओटीपी काढून टाक. पहिल्यापासून करावं लागलं तर पहिल्यापासून कर."

त्याला सांगणं सोपं होतं. आता आईला सांगायला ती घराकडे निघाली.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. पार्वतीबाई मोबाइल मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या.

"मीच सांगितले ना गं आकडे?"

"आई, तुझा काय दोष त्यात..."

"मना वाटलं, ते बघतात."

उन्नती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. तीही तेच मानत आली होती.

मांडीवरचा मोबाइल वाजला. पुढची गाडी भरून झाली होती. पार्वतीबाईंनी चष्मा शोधला नाही. पदर खोचून त्या उठल्या आणि मोबाइल मुठीत घेऊन आवार ओलांडू लागल्या. उन्नती मागोमाग गेली.

कंटेनरचं दार अजून उघडं होतं. हमाल बाजूला झाले. फळीवर पाय टेकवणं त्यांना जमेना. टाचा उचलून त्या आत वाकल्या आणि तळव्यानं पत्र्यावर थाप मारली.

"आत कुनी हाय का?"

आवाज खोक्यांवरून आत गेला आणि तिथंच राहिला. अनंतानं कडीला हात घातला.

"थांब जरा," मागे न वळता पार्वतीबाई म्हणाल्या.

आकडे मागणाऱ्या वॉचमनच्या फोननं मुठीतला मोबाइल पुन्हा वाजू लागला. त्या अंधाराकडे कान देऊन उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, आणि आता दार लावू दे, असं त्यांना सांगणं उन्नतीच्या जिवावर आलं.