रमाच्या नावावरचा रंग

मी एक जुनी पोलादाची पाटी आहे. भिलाईत सेक्टर सहाच्या एका वळणावर कडुनिंबाखाली उभी आहे. मित्रांनो, फौजेतून निवृत्त होऊन इथल्या कारखान्यात कामाला लागलेली आणि आता नसलेली माणसे माझ्यावर नावाने आहेत.

कारखान्यात पोलादाच्या लादीवर ठसा धरून, वर हातोडा मारून नंबर उमटवतात. माझ्यावरची नावेही तशीच ठोकली आहेत, एकेक अक्षर करून. ठसे मुद्दाम बनवून घेतले होते.

श्यामरावांनी जन्मभर तेच काम केले. त्यांची बायको रमा आधी फौजी इस्पितळात आणि मग कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. ती गेली तेव्हा ते तिचे नाव ठोकायला आले. अरुणकुमार नावाचे माजी जवान तिथे होते. ते म्हणाले, "भाऊ, वहिनी बॉर्डरवर कुठं होत्या?"

त्यांचे फौजेतले सोबती, लंगडत चालणारे बाबुलाल भडकले. "अन् माहा पाय कोनं वाचवला? तुह्या बंदुकीनं?"

सगळे हसले. मग अरुणकुमारांनीच ठसा धरून दिला. माझ्यावर बाईचे ते पहिले नाव.

त्यानंतर श्यामरावांना चैन पडेना. घरी बसवत नसे, म्हणून ते माझ्याकडे येत. इतकी वर्षे पोलादात काढलेला माणूस, त्याला गंजाची भारी भीती. माझ्यावर तांबूस ठिपका दिसला की ते रंगाचा डबा आणत. आधी तांबडा हात, वर चंदेरी. जुना रंग खरवडत नसत, त्यावरच नवा चढवत. येणारे-जाणारे म्हणत, "काय चमकून राहिली!" मी मात्र आतून घाबरी व्हायचे. प्रत्येक हाताबरोबर अक्षरांच्या खोबणी भरत होत्या. ओरडावेसे वाटे, पण मला तोंड नाही.

एके सकाळी जवळच्या चरोद्याहून सिंधुताई आल्या. त्या रमाच्या मैत्रीण. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी माझ्यावर हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"श्यामरावभाऊ, रमाचं नाव कुठं हाय?"

"हे काय, इथंच तं हाय," म्हणत त्यांनी बोट ठेवले. बोट सरळ घसरत गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिले. कुठेच काही नव्हते.

"मी तं जपून राहिलो होतो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

"जपलं, पण बुजवून टाकलं ना!" सिंधुताई म्हणाल्या. "आता रडू नोको. खरवड."

"जंग लागन ना, ताई."

"लागू दे. जंग लागन तं पुसाले येजो. काम काय हाय तुले घरी?"

श्यामराव रडता रडता हसले. त्यांनी घरून पत्र्याचा तुकडा आणि तारेचा ब्रश आणला. दुपारपर्यंत रंगाची सालपटे पडत होती. श्यामराव सांगत गेले, आधी 'मा' निघाला, मग 'र'. सिंधुताईंनी बोट खोबणीत घातले आणि मोठ्याने म्हटले, "रमा."

आता मला रंग नाही. पावसाळ्यात गंज येतो. श्यामराव तेलाचे फडके घेऊन येतात, हलकेच पुसतात, प्रत्येक नाव वाचतात. पण त्यांचेही गुडघे दुखू लागले आहेत. एखादा आठवडा ते आले नाहीत की मी रस्त्याकडे बघत राहते. उद्या एखादा भला माणूस पुन्हा डबा घेऊन आला तर?

मित्रांनो, मला चमकवू नका. जाता-येता सायकल थांबवा, अक्षरांत बोट घाला, नाव मोठ्याने म्हणा. चुकलात तरी चालेल. माझ्या अंगावर काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही. कुणी म्हटले, तरच कळते.