मडगार्ड

महिपतरावांनी गाडीच्या दारावर बोटाने टकटक केली, कान लावून ऐकले आणि पुन्हा टकटक केली.

"पत्रा कुठला?"

"मिलिटरीच्या ट्रकचा," कान्होजीराव म्हणाले. "मुरार छावणीच्या लिलावातला. ठोकून मी घडवला."

"हातानं?"

"हातानं."

महिपतराव एका सिनेमा थिएटरचे मालक. गाडी विकायची आहे असे पाटणकर बाजारात कानावर आले, म्हणून सकाळीच ते ग्वाल्हेरच्या नया बाजारामागच्या या शेडमध्ये येऊन थडकले होते. गाडी बुटकी होती, उघडी होती, बसायला दोघांपुरतीच जागा. लांब बॉनेटच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या होत्या आणि आतले आठ सिलिंडरचे इंजिन घासलेल्या तांब्यासारखे लखलखत होते. चाकांवर मडगार्ड नव्हते, पायरी नव्हती, कसलाही जादा पत्रा नव्हता. रंग पिकलेल्या जांभळाचा.

"राव, अशी गाडी मी मुंबईतही पाहिली नाही," महिपतराव म्हणाले. "एकदम बढिया! उद्याच नेतो. मागे दोन फळ्या ठोकतो, वर नव्या खेळाची पोस्टरं. गावभर फिरवतो. लोग देखते रह जाएँगे!"

कान्होजीरावांनी मऊ फडके घेतले आणि दारावरचे बोटांचे ठसे पुसले.

"फळ्या नाही ठोकायच्या. काही जोडायचं नाही, काही काढायचं नाही. हे कबूल असेल त्यालाच गाडी द्यायची."

महिपतराव हसले. समोरचा माणूस हसत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी छत्री उचलली आणि ते निघून गेले.

लढाईच्या वर्षांत कान्होजीराव ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेबरोबर आसामात होते, मोटारी दुरुस्त करायला. शेजारच्या छावणीत एक अमेरिकन सार्जंट होता. बाकीचे सैनिक पाकिटातून बायकोचा फोटो काढीत. हा गाडीचा काढी. जुनी फोर्ड घेऊन, धावायला लागत नाही ते सगळे तिच्यावरून उतरवून, बुटकी करून, मोठे इंजिन बसवून त्याने ती स्वतः बनवली होती. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, पण त्या फोटोपुढे दोघेही तासन्‌तास बोलत बसत.

पुढे संस्थान विलीन झाले, फौजही विलीन झाली आणि कान्होजीरावांच्या वयाच्या माणसांना पेन्शन देऊन घरी पाठवण्यात आले. ते घरी आले आणि डोक्यातला तो फोटो घरामागच्या शेडमध्ये उभा करू लागले. कुणा सरदाराच्या तबेल्यात सडत पडलेल्या फोर्डची चेसी मिळाली, भंगारातल्या ट्रकचे इंजिन मिळाले. फोटो काळापांढरा होता. रंग तेवढा त्यांना स्वतःच्या मनाने ठरवावा लागला. पाच वर्षे गेली. या काळात घर चालवले ते त्यांच्या पत्नी उषाताईंनी, शिक्षण खात्याच्या कचेरीतली नोकरी करून.

आता मध्यभारत राज्यच मोडून नव्या राज्यात जाणार होते. राजधानी भोपाळ, म्हणून उषाताईंची कचेरीही भोपाळला. तिथे सरकारी घर मिळणार होते, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. गाडी ठेवायला जागा नव्हती.

"विकून टाकू," कान्होजीराव स्वतःच म्हणाले होते. उषाताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्याच आठवड्यात सायकलवरून एक तरुण बाई आली. पदर खोचलेला, साडीच्या काठाला चिखल. मुरारपलीकडच्या गावांत दवाखाना चालवणारी डॉक्टर राजलक्ष्मी. तिने गाडीभोवती फेरी मारली नाही. गुडघे टेकून तिने आधी गाडीच्या पोटाखाली पाहिले.

"सुंदर आहे," उठता उठता ती म्हणाली. "इतकी की पुढचं विचारायला संकोच वाटतोय. ओढ्यातून जाईल?"

"इंजिन खेचून नेईल."

"मग मला हवी. पण मडगार्ड बसवावे लागतील. आणि वर टप. बाळंतीण बाईला भिजवत, चिखलानं माखत कशी आणू?"

कान्होजीरावांनी फडक्याची घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

"जशी आहे तशीच द्यायची आहे, डॉक्टरबाई."

तिने मान हलवली. "तुमच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं," ती म्हणाली. बॉनेटवरून एकदा तळहात फिरवला आणि सायकल घेऊन निघून गेली.

उषाताई कचेरीला निघण्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होत्या. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणाल्या,

"विकण्याआधी मला एकदा बसवून आणा."

कान्होजीराव चपापले. इतक्या वर्षांत तिने कधी म्हटले नव्हते. आणि आपणही कधी विचारले नव्हते, हे त्यांना तेव्हा प्रथमच जाणवले. त्यांनी सीटवर धुतलेली चादर अंथरली.

दुपारी पाऊस होऊन गेला होता. मुरारच्या रस्त्याला दुकानांतून माणसे बाहेर येऊन बघत राहिली. छावणीच्या फाटकावरच्या शिपायाने सॅल्यूटच ठोकला. उषाताईंनी आधी दार घट्ट धरले होते. हळूहळू हात सैल झाला. अंबाड्यातले केस सुटून उडू लागले.

"आणखी जोरात जाते का हो?"

"जाते की!"

गाडी हुंकारली. नदीवरचा पूल मागे पडला आणि त्याबरोबर डांबरही संपले. पहिल्याच डबक्यात चाक गेले आणि तांबड्या पाण्याचा फवारा उषाताईंच्या तोंडावर, चष्म्यावर, साडीवर आला. कान्होजीरावांनी करकचून ब्रेक दाबला. ते नेहमी एकटेच गाडी काढीत, तीही कोरड्या दिवशी. हातात आले ते तेलकट फडकेच त्यांनी घाईने पुढे केले.

उषाताईंनी चष्मा काढला, साडीकडे पाहिले आणि त्या हसू लागल्या. हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला, तर तोही चिखलाचा.

"तुमच्या त्या सार्जंटच्या गावात पाऊस पडत नसावा," त्या म्हणाल्या.

कान्होजीराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. फोटोतली गाडी त्यांना खिळ्यांसकट पाठ होती. तिच्याखालची जमीन मात्र आज पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली. भेगाळलेली, पांढरीफटक, दूरवर एक झाड नाही, वर ढगाचे नाव नाही.

"चला, वळवा आता," उषाताई म्हणाल्या. "साडी भिजत घालायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून हातोडीचा आवाज येऊ लागला. कचेरीला निघताना उषाताईंनी डोकावून पाहिले. उरलेला पत्रा ठोकून त्याला बाक दिला जात होता. पहिली जोडी कान्होजीरावांनी मोडून टाकली. ती गाडीवर कुणाची तरी टोपी ठेवल्यासारखी दिसत होती. दुसरी जमली. पुढच्या चाकावरून उठलेली रेघ बॉनेटच्याच वळणाने खाली उतरत दारापाशी विरून जात होती. मग कॅनव्हासचा घडीचा टप शिवून घेतला आणि राजलक्ष्मीला निरोप धाडला.

ती आली आणि पुढच्या चाकापासून दारापर्यंत त्या रेघेवरून तिने बोट फिरवले. मग म्हणाली, "मडगार्ड आधीपासूनच असावेत असं वाटतंय."

"सार्जंटला पटले नसते."

"कोण सार्जंट?"

"होता एक," कान्होजीराव म्हणाले. "मला पटलेत."

ऑक्टोबरच्या अखेरीस ते दोघे भोपाळला निघाले त्या सकाळी राजलक्ष्मी गाडी घेऊन हजर झाली. स्टेशनवर पोचवायला. ट्रंका, वळकट्या, भांड्यांचे पोते आणि माणसे तीन. गाडीत जागा दोघांची.

"तुम्ही दोघी व्हा पुढे," कान्होजीराव म्हणाले. "मी सामान घेऊन टांग्यातून येतो."

उषाताई थबकल्या. पण ते ट्रंका चढवायला वळलेही होते. राजलक्ष्मीने गाडी सुरू केली आणि टांगा मागोमाग निघाला.

रस्ता रिकामा होता. कोवळे ऊन पडले होते आणि त्यात तो जांभळा रंग आतून पेटल्यासारखा दिसत होता. गाडी रस्त्याला अगदी चिकटून, एका श्वासात चालली होती. मडगार्डची रेघ पाण्यातल्या माशाच्या पाठीसारखी वर येत होती, खाली जात होती. उषाताईंचा पदर बाहेर उडत होता. कान्होजीराव टांग्याचा दांडा धरून अर्धवट उभे राहिले. पाच वर्षे ते त्या गाडीच्या खाली निजले होते, तिच्यावर वाकले होते, तिच्यात बसले होते. ती धावताना कशी दिसते, हे मात्र त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

टांगेवाल्याचाही लगाम सैल पडला होता.

"क्या गाड़ी है, साहब! विलायती है?"

गाडी वळणाआड जाईपर्यंत कान्होजीराव तिच्याकडेच पाहत राहिले.

"नहीं भैया, यहीं की है," मग ते म्हणाले. "ज़रा तेज़ हाँको. एक बार और देख लूँ."